ब्रिटनमध्ये नर्स म्हणून जाताय? नोंदणीची परीक्षा पास झाल्यावर खरं काय बदलतं?

महाराष्ट्रातल्या कुठल्याही हॉस्पिटलमध्ये नर्सला हाक मारायची ती 'सिस्टर' अशीच. कालच रुजू झालेली मुलगीही सिस्टर आणि वीस वर्षं वॉर्ड सांभाळणाऱ्या इन्चार्जही सिस्टरच. ब्रिटनमध्ये मात्र 'सिस्टर' हे पद आहे. वॉर्ड सिस्टर म्हणजे त्या वॉर्डची प्रमुख. नव्याने आलेल्या नर्सला सगळे तिच्या नावाने हाक मारतात आणि तीही बऱ्याच डॉक्टरांना नावानेच हाक मारते.

एका शब्दाचा हा फरक छोटा वाटतो, पण भारतातून ब्रिटनला गेलेल्या नर्सचं पहिलं वर्ष अशाच फरकांनी भरलेलं असतं. आजार तेच असतात, औषधंही बहुतेक तीच. बदलते ती नर्सची भूमिका: तिने काय करायचं, कुणाला काय विचारायचं, कशाला जबाबदार राहायचं.

ब्रिटनमधल्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलच्या, म्हणजे एनएमसीच्या नोंदणीपुस्तकात २०२४ मध्ये आठ लाखांहून जास्त नर्स, मिडवाइफ आणि नर्सिंग असोसिएट होते. त्यातल्या दर पाचांपैकी एकाहून जास्त जणांचं शिक्षण ब्रिटनबाहेर झालेलं होतं आणि भारतात शिकलेल्यांची संख्या ६० हजारांच्या पुढे गेली होती.

आयईएल्टीएस कसं द्यायचं, व्हिसा कसा मिळतो, याची माहिती सगळीकडे मिळते. तिथे पोहोचल्यावर काय होतं, यावर मात्र कमी बोललं जातं. या लेखात दोन्ही पाहू, पण भर दुसऱ्या प्रश्नावर असेल.

नोंदणीची वाट कशी असते?

ब्रिटनमध्ये नर्स म्हणून काम करायचं तर एनएमसीचा नोंदणी क्रमांक लागतो. त्याला तिथे 'पिन' म्हणतात. भारतात जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग केलेल्यांसाठी साधारण टप्पे असे आहेत:

• इंग्रजीची परीक्षा: आयईएल्टीएस अकॅडेमिकमध्ये वाचन, ऐकणं आणि बोलणं यांत प्रत्येकी ७ आणि लेखनात ६.५ गुण लागतात. आरोग्य क्षेत्रासाठीची ओईटी दिली तर पहिल्या तिन्हींत 'बी' आणि लेखनात 'सी प्लस' श्रेणी लागते.

• सीबीटी: ही संगणकावरची परीक्षा भारतातच देता येते. तिच्या एका भागात औषधांच्या मात्रांची गणितं असतात, दुसऱ्यात नर्सिंगचं ज्ञान तपासलं जातं.

• कागदपत्रांची पडताळणी: तुमची नोंदणी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे असेल, तर ती खरी आणि चालू असल्याचं कौन्सिलकडून थेट एनएमसीला कळवलं जातं. याला वेळ लागतो, म्हणून हे काम लवकर सुरू करावं.

• नोकरी आणि व्हिसा: नोकरी देणारं हॉस्पिटल प्रायोजकत्वाचं प्रमाणपत्र देतं. त्यावर 'हेल्थ अँड केअर वर्कर' व्हिसा मिळतो.

• ऑस्की: ही प्रात्यक्षिक परीक्षा ब्रिटनमध्ये पोहोचल्यावर द्यावी लागते. व्हिसाच्या नियमानुसार नोकरी सुरू झाल्यापासून तीन महिन्यांत पहिला प्रयत्न करायचा आणि आठ महिन्यांत नोंदणी पूर्ण करायची असते.

पिन मिळेपर्यंत तुम्ही नर्स म्हणून काम करू शकत नाही. वॉर्डमध्ये असता, पण कुणाच्या तरी देखरेखीखाली. पगारही सहसा खालच्या श्रेणीचा, म्हणजे बँड ४ किंवा त्याच्या आसपासचा असतो. पिन आल्यावर बँड ५ सुरू होतो.

ऑस्कीत अनुभवी नर्सही का अडखळते?

ऑस्कीत दहा 'स्टेशन्स' असतात. चार स्टेशन्स एकाच पेशंटभोवती फिरतात: त्याची अवस्था तपासणं, काळजीचं नियोजन, ते अमलात आणणं आणि शेवटी आढावा. चार स्टेशन्स प्रत्यक्ष कौशल्यांची असतात. उरलेली दोन लेखी असतात. त्यातलं एक मूल्यं आणि वर्तनावर, दुसरं संशोधनाचा पुरावा वाचून सल्ला देण्यावर.

आयसीयूमध्ये दहा वर्षं काढलेल्या नर्सला ड्रेसिंग किंवा इंजेक्शन अवघड नसतं. पण इथे हात चालण्याबरोबर तोंडही चालावं लागतं. आधी स्वतःची ओळख करून द्यायची. पेशंटला कोणत्या नावाने हाक मारलेली आवडेल ते विचारायचं. काय करणार आणि का, ते सांगून परवानगी घ्यायची. त्याला ॲलर्जी आहे का, दुखतंय का, पडदा ओढू का, हे विचारायचं. आपल्याकडच्या चाळीस-पन्नास पेशंटच्या वॉर्डमध्ये यातलं बरंचसं मनातल्या मनात उरकलं जातं. ऑस्कीत जे बोलून दाखवलं नाही किंवा करून दाखवलं नाही, त्याचे गुण मिळत नाहीत.

परीक्षा म्हणून हे पाठ करता येतं. पण एनएमसी हे तपासते, कारण वॉर्डमध्ये रोज हेच करायचं असतं.

मामा, मावशी आणि नातेवाईक नसलेला वॉर्ड

आपल्या हॉस्पिटलमध्ये पेशंटजवळ कुणीतरी नातेवाईक असतोच. अंग पुसणं, भरवणं, कूस बदलणं, बेडपॅन देणं ही कामं घरचे करतात, किंवा वॉर्डातले मामा-मावशी. नर्सच्या वाट्याला येतात औषधं, सलाईन, इंजेक्शनं, राउंड आणि रजिस्टरं.

ब्रिटनमध्ये नातेवाईक भेटायच्या वेळेत येतात आणि जातात. पेशंटची आंघोळ, खाणंपिणं, शौचाला नेणं, दात घासणं ही सगळी नर्सिंगची कामं आहेत. मदतीला हेल्थकेअर असिस्टंट असतात, पण ते दुसरीकडे गुंतलेले असतील तर नर्स स्वतः हे करते. इथून गेलेल्या अनेकांना पहिला धक्का इथेच बसतो. 'एवढं शिकून हेच करायचं का?' हा प्रश्न मनात येतो आणि घरी फोनवर सांगताना अवघडल्यासारखं होतं.

या कामांना तिथे एवढं महत्त्व का, हे समजायला स्टॅफर्डचं प्रकरण माहीत असायला हवं. इंग्लंडमधल्या मिड स्टॅफर्डशायर ट्रस्टच्या हॉस्पिटलमध्ये २००५ ते २००९ या काळात पेशंटचे अतोनात हाल झाले. अनेकांना वेळेवर पाणी मिळालं नाही, जेवायला मदत मिळाली नाही, काही जण मळलेल्या अंथरुणात पडून राहिले. रॉबर्ट फ्रान्सिस यांच्या अध्यक्षतेखालील सार्वजनिक चौकशीचा अहवाल फेब्रुवारी २०१३ मध्ये आला. त्यात २९० शिफारशी होत्या. उपचारांत चूक झाली तर पेशंटला खरं सांगण्याची कायदेशीर जबाबदारी २०१४ पासून हॉस्पिटलांवर आली. नर्सनी निर्भयपणे बोलावं म्हणून ट्रस्टमध्ये 'फ्रीडम टू स्पीक अप गार्डियन' नेमले जाऊ लागले.

आंघोळ घालताना पाठीवरचा लाल चट्टा दिसतो, म्हणजे बेडसोअरची सुरुवात कळते. भरवताना गिळायला त्रास होतोय हे लक्षात येतं. ही निरीक्षणं मोठ्या धोक्याची पहिली सूचना असू शकतात, म्हणून तिथे ही कामं नर्सिंगबाहेरची मानत नाहीत.

हेल्थकेअर असिस्टंटला काम सांगणं हीदेखील एक कला आहे. समोरची व्यक्ती त्याच वॉर्डात वीस वर्षं काम करत असेल, वयानेही मोठी असेल. तिला हुकूम सोडला तर संबंध बिघडतात. संकोचाने काहीच सांगितलं नाही, तर सगळं काम एकट्याच्या अंगावर येतं. आणि तुम्ही सोपवलेल्या कामाची अंतिम जबाबदारी तुमचीच राहते.

'डॉक्टर, मला हे बरोबर वाटत नाही' असं म्हणता येतं का?

म्हणता येतं. इतकंच काय, म्हणावंच लागतं.

भारतात बहुतेक ठिकाणी नर्सला डॉक्टरांची ऑर्डर पाळायला शिकवलं जातं. शंका आली तरी मोठ्या डॉक्टरांना सर्वांसमोर विचारणं उद्धटपणाचं वाटतं. ब्रिटनमध्ये नर्स आपल्या कृतीला स्वतः उत्तरदायी असते. 'डॉक्टरांनी लिहिलं होतं म्हणून दिलं' हा बचाव तिथे पुरेसा ठरत नाही. मात्रा चुकीची वाटली, तर ती देण्याआधी थांबून विचारणं हे तिचं कर्तव्य आहे. एनएमसीच्या आचारसंहितेत हे स्पष्ट आहे आणि त्यात कसूर झाली तर नोंदणीवर गदा येऊ शकते.

यासाठी तिथे दोन साधनं रोज वापरली जातात. पहिलं 'न्यूज टू'. रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७ मध्ये काढलेली ही गुणपद्धत आहे. श्वासाची गती, रक्तातला ऑक्सिजन, रक्तदाब, नाडी, शुद्ध आणि ताप यांना गुण दिले जातात. पेशंटला बाहेरून ऑक्सिजन सुरू असेल तर त्याचे वेगळे गुण.

एक उदाहरण पाहू. समजा, पेशंटच्या श्वासाची गती मिनिटाला २२ आहे, ऑक्सिजन ९४ टक्के, वरचा रक्तदाब १०८, नाडी १०४ आणि ताप ३८.२ अंश सेल्सिअस. तो शुद्धीवर आहे, ऑक्सिजन लावलेला नाही. एकेक आकडा पाहिला तर 'थोडा ताप आहे, लक्ष ठेवू' असं वाटेल. पण गुण मोजले तर श्वासाचे २ आणि बाकी चारांचे प्रत्येकी १, असे एकूण ६ होतात. बेरीज ५ किंवा जास्त झाली, की तातडीने डॉक्टर किंवा तज्ज्ञ पथकाला बोलवायचं आणि किमान दर तासाला तपासणी करायची. ७ किंवा जास्त म्हणजे आणीबाणी.

दुसरं साधन 'एसबार'. फोनवर डॉक्टरांना सांगायचा क्रम यात ठरलेला असतो: आत्ता काय झालंय, पेशंटची पार्श्वभूमी काय, मला काय वाटतंय आणि तुम्ही काय करावं असं माझं म्हणणं आहे. आपल्याकडच्या नर्सना पहिल्या दोन पायऱ्या सहज जमतात. तिसरी आणि चौथी जड जाते. 'मला सेप्सिसची शंका येतेय, तुम्ही अर्ध्या तासात येऊन पाहा' असं रात्री दोन वाजता अनोळखी डॉक्टरांना इंग्रजीत सांगायला हिंमत लागते. ती सरावाने येते. फोन उचलण्याआधी चार ओळी कागदावर लिहून काढण्याची सवय खूप उपयोगी पडते.

याचीच दुसरी बाजू म्हणजे 'हो' म्हणायची सवय. सांगितलेलं नीट कळलं नाही तरी आपण मान डोलावतो, कारण पुन्हा विचारलं तर समोरच्याला काय वाटेल याची धास्ती. वॉर्डमध्ये ही सवय धोकादायक आहे. ऐकलेली सूचना आपल्या शब्दांत परत बोलून दाखवणं हा तिथे सुरक्षित मार्ग मानला जातो. त्याने कुणी कमी लेखत नाही.

निर्णय कुणाचा? पेशंटचा की घरच्यांचा?

आपल्याकडे गंभीर आजाराची बातमी अनेकदा आधी मुलाला किंवा भावाला सांगितली जाते. 'आईंना सांगू नका, त्या खचतील' ही विनंती नर्सना नवी नाही.

ब्रिटनमध्ये माहिती पेशंटची असते. त्याच्या परवानगीशिवाय ती मुलालाही देता येत नाही. वॉर्डात फोन करून 'मी त्यांची मुलगी बोलतेय, रिपोर्ट काय आला?' असं कुणी विचारलं, तर सरळ उत्तर देणं हा गोपनीयतेचा भंग ठरू शकतो.

इंग्लंड आणि वेल्समध्ये २००५ चा मेंटल कपॅसिटी कायदा आहे. प्रौढ व्यक्ती स्वतःचा निर्णय घ्यायला सक्षम आहे, हे त्यात गृहीत धरलेलं आहे. ती सक्षम नाही असं म्हणायचं असेल तर ते तपासून दाखवावं लागतं. एखाद्याने घेतलेला निर्णय आपल्याला शहाणपणाचा वाटत नाही, एवढ्यावरून तो अक्षम ठरत नाही. त्यामुळे सक्षम पेशंट औषध नको म्हणाला, तर समजावायचं, नोंद करायची, डॉक्टरांना कळवायचं. जबरदस्ती करायची नाही.

आणखी एक गोष्ट मनाला लागते. काही पेशंटच्या फाइलमध्ये, हृदय बंद पडलं तर ते पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न करू नये, असा निर्णय नोंदवलेला असतो. शेवटपर्यंत धडपड करायची, हे आपल्याकडचं शिक्षण. त्यामुळे अशा पेशंटजवळ नुसतं शांत बसणं, त्याचा हात धरणं, वेदना कमी होतील हे पाहणं, हेही उपचारच आहेत हे मनाला पटायला वेळ लागतो.

वॉर्डातलं इंग्रजी पुस्तकात का सापडत नाही?

आयईएल्टीएसमध्ये सात गुण मिळवलेली नर्सही पहिल्या आठवड्यात गोंधळते, कारण पेशंट परीक्षेतलं इंग्रजी बोलत नाहीत. एखाद्या आजी 'स्पेंड अ पेनी' म्हणाल्या, तर त्यांना लघवीला जायचंय. 'पुअरली' म्हणजे आजारी. त्याचा गरिबीशी संबंध नाही. उत्तर इंग्लंडमध्ये 'टी' म्हणजे अनेकदा संध्याकाळचं जेवण. 'लव्ह' किंवा 'डक' अशी हाक आली तर ती आपुलकीची समजायची.

हॉस्पिटलचे शब्दही फसवतात. 'थिएटर' म्हणजे ऑपरेशन थिएटर, हे आपल्याला माहीत असतं. पण 'ऑफ ड्युटी' म्हणजे सुट्टी असं समजू नका. तिथे ड्युटीच्या तक्त्यालाच 'ऑफ ड्युटी' म्हणतात. 'बँक शिफ्ट' म्हणजे नेहमीच्या पाळ्यांव्यतिरिक्त घेतलेली जादा शिफ्ट.

लिहिण्याचं कामही वाढतं. बेडसोअरचा धोका, पोषण, पडण्याची शक्यता, द्रवपदार्थ किती गेले, किती आले, सगळ्याचे तक्ते. चौकशीची वेळ आली तर ज्याची नोंद नाही, ते केल्याचं सिद्ध करणं कठीण जातं. शिवाय दर तीन वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण असतं. त्यासाठी ४५० तासांचं काम, ३५ तासांचं शिक्षण आणि पाच चिंतनपर टिपणं लागतात. एखाद्या प्रसंगातून आपण काय शिकलो, हे प्रामाणिकपणे लिहिणं आपल्या शिक्षणात फारसं नसतं. त्याची सवय करावी लागते.

अनुभव असूनही पुन्हा ज्युनिअर?

सर्वांत जास्त बोचते ती ही गोष्ट. पुण्या-मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलमध्ये दहा-बारा वर्षं काढलेली, ज्युनिअर डॉक्टरांनाही हात धरून शिकवणारी नर्स तिथे बहुधा बँड ५ वरच सुरुवात करते. नुकतीच पदवी घेतलेली ब्रिटिश नर्सही त्याच बँडवर असते. हजारो वेळा सलाईनची सुई लावली असली, तरी तिथलं प्रशिक्षण आणि देखरेखीखालचा सराव पूर्ण झाल्याशिवाय ती लावता येत नाही. शिरेतून औषध देण्याचंही तसंच.

यामागे कारण आहे. प्रत्येक ट्रस्टला आपल्या कर्मचाऱ्याची क्षमता स्वतः तपासायची असते. पण त्याचा परिणाम आत्मविश्वासावर होतो, हेही खरं. यावर उपाय म्हणजे सुरुवातीलाच मॅनेजरला आपल्या अनुभवाची लेखी माहिती द्यायची, कोणत्या कौशल्यांची तपासणी कधी होईल ते विचारायचं आणि पिन मिळाल्यावर बँड ६ साठी काय लागतं, ते समजून घ्यायचं. आपोआप बढती मिळत नाही. जागा निघते, अर्ज करावा लागतो, मुलाखतीत स्वतःचं काम ठासून सांगावं लागतं. 'माझं काम बोलेल' हा आपला संस्कार तिथल्या मुलाखतीत कमी पडतो.

भेदभाव असतो का? असतो. एनएचएस २०१५ पासून वांशिक समानतेची आकडेवारी स्वतःच गोळा करते. गोऱ्या उमेदवारांच्या तुलनेत इतर वंशांच्या उमेदवारांची अंतिम निवड होण्याची शक्यता कमी आहे, हे त्यातून सातत्याने दिसतं. असा अनुभव आला तर तारीख, वेळ आणि साक्षीदारासह नोंद ठेवावी. रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंग किंवा युनिसन यांसारख्या संघटनेचं सभासदत्व पहिल्याच महिन्यात घ्यावं. संघटना बहुधा सभासद होण्याआधी उद्भवलेल्या प्रकरणात मदत करत नाहीत.

पगार किती आणि हातात किती?

इंग्लंडमध्ये २०२४-२५ मध्ये बँड ५ चा सुरुवातीचा वार्षिक पगार २९,९७० पौंड होता. पौंडाचा भाव शंभर रुपयांच्या वर, म्हणजे तीस लाखांहून जास्त! इथेच हिशोब चुकतो, कारण खर्चही पौंडांतच असतो.

प्राप्तिकर, नॅशनल इन्शुरन्स आणि एनएचएस पेन्शनचा हप्ता वजा केला, तर हातात महिन्याला साधारण १,९०० पौंड येतात. रात्रपाळी आणि शनिवारसाठी मूळ दराच्या ३० टक्के, रविवार आणि सार्वजनिक सुट्टीसाठी ६० टक्के जादा मिळतात, त्यामुळे रक्कम थोडी वाढते. त्यातून घरभाडं, वीज-गॅस, कौन्सिल टॅक्स, प्रवास आणि जेवण. लंडनमध्ये पगारावर जादा भत्ता असतो, पण भाडं त्याहून जास्त वेगाने खिसा रिकामा करतं. गावाकडे कर्ज फेडायचं असेल, तर पहिल्या वर्षी किती पाठवणार, हे घरच्यांशी निघण्यापूर्वीच स्पष्ट बोलावं.

आठवड्याला ३७.५ तास काम असतं. अनेक वॉर्डांत ते सलग साडेबारा तासांच्या शिफ्टमध्ये विभागलेलं असतं. वार्षिक रजा सुरुवातीला २७ दिवस, शिवाय ८ सार्वजनिक सुट्ट्या.

करारावर सही करण्याआधी काय वाचायचं?

ब्रिटनच्या नियमांनुसार नोकरी मिळवून देण्यासाठी एजंटने नर्सकडून पैसे घेणं चुकीचं आहे. 'प्रोसेसिंग'च्या नावाखाली कुणी लाखो रुपये मागत असेल, तर तिथेच थांबा. एनएचएस एम्प्लॉयर्स ही संस्था नियम पाळणाऱ्या एजन्सींची यादी प्रसिद्ध करते. तीत नाव आहे का, ते तपासा.

करारात परतफेडीचं कलम असू शकतं. ठरावीक मुदतीआधी नोकरी सोडली तर विमानभाडं, परीक्षा शुल्क वगैरे खर्च परत करायचा. नुसती ऑस्कीच ७९४ पौंडांची असते, त्यामुळे आकडा मोठा होतो. ही रक्कम प्रत्यक्ष खर्चाइतकीच असावी, काळानुसार कमी होत जावी आणि आधी स्पष्ट सांगितलेली असावी, अशी अपेक्षा तिथल्या सरकारी आचारसंहितेत आहे. आकडा लिहिलेला नसेल तर लेखी मागा.

व्हिसा मालकाशी बांधलेला असतो. नोकरी गेली तर नवा प्रायोजक शोधायला साधारण ६० दिवस मिळतात. कायम वास्तव्याचे नियमही बदलत आहेत. आजवर पाच वर्षांनंतर अर्ज करता येत होता. मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेत तो कालावधी सर्वसाधारणपणे दहा वर्षांचा करण्याचा प्रस्ताव मांडला गेला. त्यातच परदेशी नर्सची भरतीही पूर्वीच्या तुलनेत बरीच घटली आहे. त्यामुळे तीन-चार वर्षांपूर्वी गेलेल्या मैत्रिणीच्या अनुभवावर विसंबू नका, सरकारी संकेतस्थळावरचा ताजा नियम वाचा.

वॉर्डबाहेरचं आयुष्य कसं असतं?

डिसेंबरमध्ये लंडनला चार वाजायच्या आत सूर्य मावळतो आणि सकाळी आठच्या सुमारास उगवतो. म्हणजे दिवसपाळी केली तर उजेड खिडकीतूनच दिसतो. ऑक्टोबर ते मार्च सर्वांनी रोज १० मायक्रोग्रॅम व्हिटॅमिन डी घेण्याचा विचार करावा, असा एनएचएसचा सल्ला आहे. गडद वर्णाच्या लोकांसाठी तो वर्षभराचा आहे. उदास वाटणं, झोप बिघडणं, कारण नसताना रडू येणं हे पहिल्या हिवाळ्यात अनेकांना होतं. ते महिनाभर टिकलं तर जीपीकडे, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरांकडे जावं. पोहोचल्यावर लगेच जीपीकडे नाव नोंदवून ठेवावं.

हिवाळ्यात भारत ब्रिटनच्या साडेपाच तास पुढे असतो. रात्री आठला शिफ्ट संपते तेव्हा घरी दीड वाजलेला असतो. मूल झोपलेलं, आईबाबा झोपलेले. त्यामुळे फोनची वेळ सुट्टीच्या दिवशी ठरवून ठेवलेली बरी. नर्सना नवरा किंवा बायको आणि मुलांना अवलंबित व्हिसावर नेता येतं, जोडीदाराला तिथे कामही करता येतं. मात्र दोघांच्या शिफ्ट आणि मुलांचा सांभाळ यांचा मेळ बसेपर्यंत काही जण मुलांना सहा-आठ महिने आजी-आजोबांकडे ठेवतात. हा निर्णय जड असतो. त्यात योग्य-अयोग्य असं एकच उत्तर नाही.

घर भाड्याने घेताना इंग्लंडमध्ये डिपॉझिट सहसा पाच आठवड्यांच्या भाड्याहून जास्त मागता येत नाही आणि ते ३० दिवसांत सरकारमान्य योजनेत जमा करावं लागतं. भारतीय परवान्यावर पहिले १२ महिने गाडी चालवता येते. मोठ्या शहरांत मराठी मंडळं आहेत. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासूनचं. गणपतीला सुट्टी हवी असेल तर तक्ता लागण्याआधी काही आठवडे मागावी लागते. ऐन वेळी 'घरी कार्यक्रम आहे' म्हणून चालत नाही.

जर्मनी किंवा आखाती देशांत जायचं असेल तर?

महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. त्यात नर्सचाही समावेश आहे. तिथे खरी कसोटी जर्मन भाषेची. नोंदणीसाठी साधारण बी टू पातळी लागते आणि पदवीची मान्यता घ्यावी लागते. आखातातल्या अनेक देशांत जाणाऱ्या नर्सना भारत सरकारच्या ई-मायग्रेट प्रणालीतून परवानगी घ्यावी लागते. देश बदलला की परीक्षेचं नाव बदलतं, पण नर्सची भूमिका तिथे काय आहे, हा प्रश्न सगळीकडे तोच.

निघण्यापूर्वी काय तयारी करता येईल?

यातली बरीचशी तयारी आत्ताच्या नोकरीतच होऊ शकते, फुकट.

• प्रत्येक पेशंटला आपलं नाव सांगा आणि काही करण्याआधी परवानगी घ्या. मराठीतच घ्या, सवय महत्त्वाची.

• रोज दोन पेशंटचे न्यूज टू गुण मोजा.

• डॉक्टरांना फोन करताना एसबारचा क्रम पाळा आणि शेवटी आपलं मत सांगा.

• कामातला एक प्रसंग आठवड्याला दहा ओळींत लिहा: काय झालं, काय शिकले, पुढच्या वेळी काय वेगळं करेन.

• तुम्ही केलेल्या प्रक्रिया आणि विभागांतल्या अनुभवाचा दाखला इन्चार्ज सिस्टर किंवा मेट्रनकडून सहीशिक्क्यासह घ्या.

• किमान दोन-तीन महिन्यांच्या खर्चाचे पैसे बाजूला ठेवा. पहिला पगार महिन्याच्या शेवटी येतो.

यातलं काहीही वाया जात नाही. उद्या व्हिसाचे नियम बदलले किंवा तुमचाच विचार बदलला, तरी पेशंटला नावाने हाक मारणारी आणि वेळेवर 'डॉक्टर, हे बघा' म्हणणारी नर्स लातूरच्या वॉर्डालाही हवीच आहे.